मेलॅनोमा आणि जनुक-नियामक प्रथिने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन प्रकारचे वाचक पाठवत असतात: हातात पॅथॉलॉजीचा रिपोर्ट असलेले नातेवाईक, जीवशास्त्राचे विद्यार्थी आणि प्रयोगशाळेत मेलॅनोमाच्या पेशी नुकत्याच हाताळू लागलेले. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल, तर तिथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जनुक-नियामक प्रथिन म्हणजे नेमकं काय? जनुकात आणि त्यात फरक काय?

जनुक म्हणजे डीएनएवरचा मजकूर. तो वाचायचा की नाही आणि किती वेळा वाचायचा, हे ठरवणारे प्रथिन म्हणजे जनुक-नियामक प्रथिन, अर्थात ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. ते केंद्रकात डीएनएवरचा ठरावीक अक्षरक्रम हुडकते, तिथे चिकटते आणि आरएनए बनवणाऱ्या यंत्रणेला बोलावून घेते किंवा अडवून धरते. माणसात अशी सुमारे १६०० प्रथिने आहेत. यकृताच्या पेशीत आणि त्वचेतल्या रंगपेशीत डीएनए तोच असतो. यांतली कोणती प्रथिने हजर आहेत आणि किती, त्यावर पेशीचा पेशा ठरतो. मेलॅनोमा हा रंगपेशींचा, म्हणजे मेलॅनोसाइटचा कॅन्सर. त्यामुळे रंगपेशीला रंगपेशी बनवणारी प्रथिनेच इथे कॅन्सरच्या दिमतीला लागलेली दिसतात.

२. यांतलं सगळ्यात महत्त्वाचं प्रथिन कोणतं?

एमआयटीएफ. हे नाव डोळ्यांची वाढ खुंटलेल्या उंदरांवरून आले आहे. १९९३ साली त्या उंदरांतले जनुक सापडले, आणि रंगपेशी तयार होण्यासाठी ते लागतेच हे स्पष्ट झाले. माणसात ते तिसऱ्या गुणसूत्रावर असते. त्याची अनेक रूपे आहेत. पहिला तुकडा वेगवेगळा आणि पुढचा भाग समान, अशी त्यांची रचना असते. रंगपेशींतल्या रूपाला एमआयटीएफ-एम म्हणतात.

२००५ साली असे दिसले की पसरलेल्या मेलॅनोमांपैकी १५ ते २० टक्क्यांत या जनुकाच्या जास्तीच्या प्रती असतात. त्यावरून ‘वंशावर अवलंबून असलेले कर्करोग-जनुक’ ही कल्पना रुजली. एरवी पेशीला तिची ओळख देणारे जनुक कॅन्सरला तगून राहण्यासाठी लागते, असा तिचा अर्थ. मात्र ‘महत्त्वाचे’ म्हणजे ‘जितके जास्त तितके वाईट’ नव्हे. हा घोटाळा फार जण करतात. प्रश्न ४ पाहा.

३. एमआयटीएफ पेशीला वाढायला आणि जगायला मदत करतं, म्हणजे नक्की काय करतं?

एमआयटीएफचे दोन रेणू जोडीने डीएनएला चिकटतात. सीएसीजीटीजी किंवा सीएटीजीटीजी हा सहा अक्षरांचा क्रम त्यांना लागतो. सहा अक्षरे डीएनएत लाखो ठिकाणी सापडतील. म्हणून शेजारची अक्षरे आणि तो भाग उघडा आहे का, यावर खरी निवड होते. चिकटल्यावर सुरू होणारी जनुके ढोबळमानाने चार कामांची आहेत.

रंगाची जनुके म्हणजे टायरोसिनेज, टीवायआरपी१, डीसीटी, पीएमईएल आणि मेलॅन-ए. पेशीविभाजन पुढे नेणाऱ्यांत सीडीके२ ठळक आहे. पेशीला आत्मनाशापासून वाचवणारी बीसीएल२ आणि बीसीएल२ए१ ही तिसरी जात. दोन्ही प्रथिने मायटोकाँड्रियाचे आवरण फुटू देत नाहीत. चौथे काम ऊर्जेचे. पीजीसी-१ अल्फा सुरू झाले की मायटोकाँड्रिया वाढतात आणि पेशी साखर आंबवण्याऐवजी प्राणवायूवर जास्त चालू लागते.

वाढ आणि जगणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इथेच ध्यानात ठेवा. सीडीके२ कमी झाले तर पेशी थांबते. बीसीएल२ए१ कमी झाले तर पेशी मरते. प्रयोगात दोन्हींमुळे ‘पेशी कमी दिसतात’, पण अर्थ एक नसतो (प्रश्न १४).

४. मग एमआयटीएफ जास्त म्हणजे कॅन्सर जास्त आक्रमक, असं का नाही?

कारण हे बटण नाही, पंख्याचा रेग्युलेटर आहे. २००६ पासून हीच मांडणी रूढ आहे, आणि बारीकसारीक दुरुस्त्या सोडल्या तर ती टिकली आहे.

एमआयटीएफ अगदी नाहीसे केले तर बहुतेक पेशी थकतात: डीएनएची मोडतोड वाढते आणि काही कायमच्या निवृत्त होतात, काही मरतात. प्रमाण कमी असेल तर पी२७ हे विभाजन रोखणारे प्रथिन वाढते, पेशी विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात, जी१ मध्ये, रेंगाळते. पण तिचा सांगाडा बदलतो, ती लांबुडकी होते आणि आजूबाजूच्या ऊतीत घुसते. मध्यम प्रमाणात पेशी जोमाने विभागत राहते. फार जास्त झाले तर तेच एमआयटीएफ पी१६ आणि पी२१ ही ब्रेक लावणारी प्रथिने सुरू करते. पेशी रंग बनवण्यात गुंतते आणि विभाजन थांबते.

म्हणजे सगळ्यात वेगाने वाढणारी पेशी आणि सगळ्यात जास्त पसरणारी पेशी या बहुधा एकाच वेळी एकच पेशी नसतात. शरीरातली गाठ या दोन्हींत ये-जा करते: पेशी आधी घुसखोर होऊन दूर जाते, तिथे बस्तान बसले की एमआयटीएफ वाढवून पुन्हा विभागू लागते. प्राणवायूचा किंवा अमिनो आम्लांचा तुटवडा पडला की एटीएफ४ हे तणावाचे नियामक प्रथिन एमआयटीएफला खाली ढकलते. उपाशी पेशी घर सोडून निघते, असे म्हणा.

एक खबरदारी. ‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’ ही तुलनेची भाषा आहे. एका पेशीमालिकेतले (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या, एकाच गाठीतून आलेल्या पेशींतले) मध्यम दुसरीत जास्त ठरू शकते. एकच आकडा देऊन ‘यापुढे धोका’ असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

५. एमआयटीएफला कोण चालवतं?

एमआयटीएफ-एमच्या प्रोमोटरवर, म्हणजे जनुक जिथून सुरू केले जाते त्या डीएनएच्या भागावर, चार जण येऊन बसतात: सॉक्स१०, पॅक्स३, क्रेब आणि बीटा-कॅटेनिनसह एलईएफ१. यांपैकी सॉक्स१० आणि पॅक्स३ पेशीची ओळख राखतात. जन्मतः या दोघांत किंवा एमआयटीएफमध्ये बिघाड असेल तर वॉर्डनबर्ग सिंड्रोम होतो. त्यात पांढऱ्या केसांची बट, फिकट डोळे आणि बहिरेपणा दिसतो. तिन्ही एकाच साखळीतली कशी, हे त्या आजारातून फार छान कळते.

क्रेब बाहेरची बातमी आणते. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या वरच्या थरातल्या केरॅटिनोसाइटमध्ये पी५३ जागे होते, ते पीओएमसी जनुक सुरू करते, त्यातून अल्फा-एमएसएच हे संप्रेरक बनते. ते रंगपेशीच्या एमसी१आर ग्राहीवर बसले की आत सायक्लिक एएमपी वाढते, क्रेब सक्रिय होते आणि एमआयटीएफ वाढते. त्वचा रापते ती या मार्गाने. एरवी कॅन्सर रोखणारे पी५३ इथे रंगकामाचा मुकादम होते.

ब्रन२ हे आणखी एक नाव वाचनात येईल. घुसखोर पेशींत ते जास्त असते, आणि एमआयटीएफ मायक्रोआरएनए-२११ (दुसऱ्या जनुकांना दाबणारा छोटा आरएनए) मार्फत त्याला दाबून ठेवते. उलट दिशेने ब्रन२ एमआयटीएफला काही पेशींत दाबते, काहींत वाढवते, म्हणून पुस्तकांतले बाण परस्परविरोधी दिसतात. ही छपाईची चूक नाही.

६. बीरॅफ हेही जनुक-नियामक प्रथिन आहे का?

नाही. बीरॅफ हे कायनेज आहे, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट लावणारे. ते डीएनएला हात लावत नाही. त्वचेच्या मेलॅनोमांपैकी जवळपास निम्म्यांत त्यात बदल असतो. २००२ साली हे उघड झाले. बहुतेक वेळा ६००व्या जागेवरच्या व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल येते, म्हणून ‘व्ही६००ई’. मग बीरॅफ सतत चालू राहते आणि मेक, त्यापुढे एर्क अशी साखळी पेटलेली राहते.

नियामक प्रथिनांशी संबंध एर्कपाशी जुळतो. एर्क एमआयटीएफच्या ७३व्या जागेवरच्या सेरिनला फॉस्फेट लावते. त्याने ते जास्त कामाला लागते, पण त्याचे आयुष्यही घटते. शिवाय एर्क एपी-१ या नियामक प्रथिनांच्या गटातली ज्यून आणि फॉस घराण्यातली प्रथिने वाढवते. थोडक्यात, बीरॅफ हा निरोप्या आहे आणि नियामक प्रथिने निरोप अमलात आणणारी. एमआयटीएफ वाढवावे की संपवावे, असा दुहेरी निरोप एकच माणूस देतो, म्हणून प्रश्न १० मधला गुंता होतो.

७. साध्या तिळातही बीरॅफचा बदल असतो म्हणतात. मग प्रत्येक तिळाचा कॅन्सर का होत नाही?

बरोबर ऐकलंत, बऱ्याच तिळांत तोच व्ही६००ई असतो. तीळ काही काळ वाढतो आणि मग थांबतो. थांबवण्यात पी१६ चा मोठा वाटा आहे. पी१६ हे सीडीके४ आणि सीडीके६ ला अडवते. ते अडले की आरबी हे प्रथिन ई२एफ या नियामक प्रथिनाला पकडून ठेवते, आणि ई२एफ मोकळे नसले तर डीएनएची नक्कल करण्याची जनुके सुरूच होत नाहीत. तिळातल्या सगळ्या पेशींत पी१६ सारखे नसते, म्हणजे ब्रेक एकापेक्षा जास्त आहेत. पण मेलॅनोमात सगळ्यात वरचेवर तुटलेला ब्रेक हाच. पी१६ बनवणारे सीडीकेएन२ए जनुक अनेक मेलॅनोमांत गळालेले असते. घराण्यात चालत आलेल्या मेलॅनोमात सगळ्यात जास्त वेळा सापडणारा मोठ्या धोक्याचा बदलही याच जनुकात आहे.

८. टर्टचा बदल ‘प्रोमोटरमध्ये’ आहे असं रिपोर्टमध्ये लिहिलंय. प्रथिनात नाही, तरी तो धोकादायक कसा?

नियामक प्रथिनांचा खेळ किती बारीक असतो, याचे याहून चांगले उदाहरण नाही. टर्ट हा गुणसूत्रांची टोके लांबवणाऱ्या टेलोमरेजचा भाग. प्रौढ रंगपेशीत हे जनुक जवळजवळ बंद असते, त्यामुळे दर विभाजनाला टोके झिजतात आणि कधीतरी पेशीला थांबावेच लागते.

२०१३ साली मेलॅनोमात दोन जागी एकेका अक्षराचा बदल सापडला: प्रथिनाचा मजकूर सुरू होण्याआधी १२४ आणि १४६ अक्षरांवर, सी च्या जागी टी. या एका अक्षराने तिथे जीजीएए हा गाभा असलेला नवा क्रम तयार होतो. ईटीएस घराण्यातली नियामक प्रथिने असा क्रम शोधतच असतात. प्रत्यक्षात तिथे जीएबीपी येऊन बसते. बदल नसलेल्या प्रतीवर ते बसत नाही. म्हणजे नवे प्रथिन बनले नाही, असलेले बिघडले नाही. असलेल्या प्रथिनाला बसायला नवी खुर्ची मिळाली, एवढेच. मेलॅनोमांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास गाठींत हे बदल मिळतात. एका कुटुंबात ५७व्या जागी असाच ईटीएसची खुर्ची तयार करणारा बदल वारशाने आलेला सापडला होता.

फक्त एक्सोम पाहणाऱ्या, म्हणजे प्रथिनाचा मजकूर तेवढा वाचणाऱ्या तपासणीत हा बदल सुटू शकतो. पॅनेलमध्ये, म्हणजे तपासायच्या जनुकांच्या यादीत, टर्ट प्रोमोटर मुद्दाम घेतला आहे का, हे विचारून घ्या.

९. पी५३ बहुतेक कॅन्सरमध्ये बिघडलेलं असतं. मेलॅनोमातही?

जनुकात बिघाड असलेल्या मेलॅनोमा थोड्या. बहुतेकांत पी५३ चा मजकूर शाबूत असतो. पण शाबूत म्हणजे कामावर हजर असे नाही. सीडीकेएन२ए जनुकातून पी१६ शिवाय एआरएफ नावाचे दुसरे प्रथिनही बनते. ते एमडीएम२ ला आवरते, आणि एमडीएम२ पी५३ चा फडशा पाडते. एआरएफ गेले की पी५३ टिकत नाही. शिवाय बऱ्याच मेलॅनोमांत एमडीएम४ वाढलेले असते. ते पी५३ ला बांधून ठेवते. एका जनुकाच्या गळतीने आरबी आणि पी५३ हे दोन्ही पहारेकरी निष्प्रभ होतात, म्हणून सीडीकेएन२ए इतके महाग पडते.

१०. बीरॅफची गोळी सुरू केल्यावर गाठी झरझर आकसल्या, मग पुन्हा वाढल्या. यात या प्रथिनांचा हात काय?

बीरॅफ अडवणारे वेमुराफेनिब २०११ पासून वापरात आहे. ते एकटे दिले तर आजार पुन्हा पुढे सरकण्याचा मध्यक काळ चाचण्यांमध्ये सात महिन्यांच्या आसपास होता. बीरॅफ आणि मेक या साखळीतल्या दोन्ही कड्यांवरच्या गोळ्या जोडीने दिल्यावर तो साधारण ११ ते १५ महिन्यांपर्यंत गेला. गाठ परतण्याची काही कारणे जनुकीय आहेत: बीरॅफच्या जास्तीच्या प्रती, बीरॅफला चालू करणाऱ्या एनरासमधला नवा बदल वगैरे. पण पहिल्या दिवसांत आणि आठवड्यांत काही पेशी जनुकांत काहीही न बदलता तग धरतात. तिथे नियामक प्रथिनांची अदलाबदल कामी येते, आणि ती दोन विरुद्ध वाटांनी होते.

पहिली वाट एमआयटीएफ वाढवण्याची. गोळीने एर्क थंडावले की पॅक्स३ वाढते, त्यामागून एमआयटीएफ वाढते, आणि बीसीएल२ए१ व पीजीसी-१ अल्फा यांच्या जोरावर पेशी मंद पण जिवंत राहते.

दुसरी वाट उलटी. सॉक्स१० आणि एमआयटीएफ घसरतात. पेशी रंगपेशीची ओळख टाकून मागे, भ्रूणातल्या मज्जाशिखा पेशींसारख्या (रंगपेशी याच पेशींपासून बनतात) किंवा त्याहूनही अनोळखी अवस्थेत जाते. तिथे एपी-१, टीड आणि एनएफ-कप्पाबी या दुसऱ्या नियामक प्रथिनांचा अंमल असतो. ईजीएफआर आणि अ‍ॅक्सल हे ग्राही पृष्ठभागावर येतात आणि वाढीचा निरोप बीरॅफला वळसा घालून आत जातो. या अवस्थेतल्या मूठभर पेशी गोळी देण्याआधीपासूनही गाठीत असू शकतात.

एकाच रुग्णाच्या दोन गाठी दोन वाटांनी जाऊ शकतात. त्यामुळे एका बायोप्सीवरून ‘प्रतिकार एमआयटीएफमुळे’ असे म्हणणे घाईचे ठरते.

११. मग गोळी मधूनमधून बंद ठेवली तर पेशी सरावणार नाहीत, हे खरं का?

कल्पना हवेतली नव्हती. प्रयोगशाळेत, गोळीला सरावलेल्या पेशींची गोळी अचानक काढली तर एर्क उसळते, जूनबी आणि एफआरए१ ही एपी-१ गटातली प्रथिने वाढतात, एमआयटीएफ कोसळते आणि पेशी मरतात किंवा थांबतात. उंदरांतही आशा दिसली होती. पण माणसांवरच्या यादृच्छिक चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले तेव्हा सलग गोळ्या घेणाऱ्यांचा आजार मध्यक ९ महिने आटोक्यात होता, खंड पाडून घेणाऱ्यांचा ५.५ महिने. म्हणून स्वतःच्या मनाने खंड पाडू नका. ताप किंवा पुरळ यांसाठी डॉक्टर स्वतः काही दिवस गोळी थांबवतात, ती गोष्ट निराळी.

१२. एमआयटीएफवरच थेट औषध का काढत नाहीत?

कायनेजला एटीपी या ऊर्जेच्या रेणूसाठी खोबण असते. औषधाचा रेणू तिथे घट्ट बसतो. एमआयटीएफ मात्र डीएनएला लांब, सपाट पृष्ठभागांनी धरते. रेणू अडकवायला जागाच नाही. जनुक-नियामक प्रथिनांवर औषध होऊच शकत नाही असे नाही: किडनीच्या काही गाठींसाठी एचआयएफ-२ अल्फावरचे बेल्झुटिफॅन २०२१ मध्ये मंजूर झाले, पण त्या प्रथिनात नशिबाने एक पोकळी होती.

म्हणून आडवाटा शोधल्या गेल्या. एचडीएसी रोधक (डीएनए घट्ट गुंडाळायला लावणाऱ्या एन्झाइमना अडवणारी) औषधे सॉक्स१० च्या मार्गाने एमआयटीएफ खाली आणतात. एचआयव्हीचे जुने औषध नेल्फिनाविर पॅक्स३ दाबते आणि गोळीनंतरची पहिली वाट (प्रश्न १०) बंद करते, निदान प्रयोगशाळेत आणि उंदरांत. अडचण तीच: एमआयटीएफ पार खाली नेले तर काही पेशी मरतील आणि उरलेल्या दुसऱ्या वाटेला लागतील. रेग्युलेटर फिरवायचा तर कुठे थांबायचे, हे ठाऊक हवे. शिवाय हे प्रथिन डोळ्याच्या रंगथराला, हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्टला आणि मास्ट पेशींनाही लागते.

१३. रिपोर्टमध्ये ‘सॉक्स१० पॉझिटिव्ह, एचएमबी-४५ आणि मेलॅन-ए निगेटिव्ह’ असं आहे. मेलॅनोमा आहे की नाही?

असू शकतो. सॉक्स१० हे वरच्या पायरीवरचे, ओळख राखणारे प्रथिन. एचएमबी-४५ (ही पीएमईएलची चाचणी) आणि मेलॅन-ए ही एमआयटीएफच्या खालची उत्पादने. गाठीने रंगकाम सोडले की खालची आधी जातात, सॉक्स१० बहुधा टिकते. डेस्मोप्लास्टिक मेलॅनोमात तर सॉक्स१० आणि एस१०० (रंगपेशींची आणखी एक खूण) पॉझिटिव्ह, बाकी सगळे निगेटिव्ह हे नेहमीचेच चित्र आहे.

सॉक्स१० ची खूण केंद्रकात उमटायला हवी. फक्त पेशीद्रव्य तपकिरी दिसत असेल तर तो रंगद्रव्याचा किंवा रंजनाचा दोष समजावा. गाठ फार काळी असेल तर तपकिरी रंजन मेलॅनिनमध्ये मिसळून जाते. अशा वेळी लाल रंग देणारे रंजन वापरतात किंवा आधी मेलॅनिन विरंजित करतात. एकटे सॉक्स१० निदान करत नाही: मज्जातंतूच्या आवरणाच्या गाठी आणि स्तनाच्या काही ट्रिपल-निगेटिव्ह गाठींतही ते मिळते.

१४. आम्ही एमआयटीएफ सिआरएनएने (ठरावीक जनुकाचा आरएनए तोडायला लावणाऱ्या छोट्या आरएनएने) दाबलं. एमटीटी चाचणीत वाढ ४० टक्क्यांनी घटली. निष्कर्ष काढायचा का?

एवढ्यावर नाही. ही चूक इतक्या वेळा समोर येते की उत्तर जरा लांबवतो.

एमटीटी पेशी मोजत नाही, चयापचयाचा, त्यातही मायटोकाँड्रियाच्या कामाचा रंग मोजते. आणि एमआयटीएफ पीजीसी-१ अल्फामार्फत मायटोकाँड्रियाच बदलते (प्रश्न ३). म्हणजे पेशींची संख्या तेवढीच असूनही रंग उतरू शकतो. उलट बाजूने, बीरॅफची गोळी एमआयटीएफ आणि मायटोकाँड्रिया वाढवते, त्यामुळे तिथे एमटीटी औषधाचा परिणाम कमी दाखवू शकते. त्यात मेलॅनिन स्वतः प्रकाश शोषते. ५७० नॅनोमीटरवरचे वाचन काळ्या पेशींत फुगते. एटीपी मोजणाऱ्या चाचण्यांनाही पहिला आक्षेप लागू आहे.

म्हणून पेशी खरोखर मोजा: केंद्रक रंगवून छायाचित्रावरून, किंवा ट्रिपॅन ब्लू घालून पेशी मोजण्याच्या काचपट्टीवर (हिमोसायटोमीटर). विभाजन थांबले का हे ईडीयू आणि प्रोपिडियम आयोडाइडने पाहा. मृत्यू वाढला का हे अ‍ॅनेक्सिन-व्ही आणि तुटलेल्या कॅस्पेज-३ ने. चाचणीआधी तरंगणाऱ्या पेशी फेकून देऊ नका, मेलेल्या त्यांतच असतात. प्रथिन घटले की नाही ते ४८ तासांनी तपासा, संख्येतला फरक ७२ ते ९६ तासांनी. सिआरएनए १० ते २० नॅनोमोलरच्या आसपास ठेवा. जास्त दिले तर भलत्याच जनुकांवर परिणाम होतो. किमान दोन वेगवेगळे सिआरएनए एकच उत्तर देत असतील, आणि सिआरएनएला न ओळखू येणारी एमआयटीएफची प्रत घालून परिणाम उलटत असेल, तरच परिणाम एमआयटीएफचा म्हणावा. प्रत घालताना व्हेक्टर जोरकस असेल तर प्रमाण फार वर जाते, पी२१ सुरू होते आणि ‘परत आणूनही वाढ होत नाही’ असा उलटाच निकाल मिळतो. डॉक्सिसायक्लिनने चढवता-उतरवता येणारी प्रत वापरा आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने वजनानुसार वेगळी करून पट्ट्यांत दाखवणारी चाचणी) मूळ पातळीशी ताडून पाहा.

आरएनए मोजताना नमुना करडा-काळा दिसत असेल तर मेलॅनिन सोबत आले आहे. ते पीसीआर अडवते. कॉलमवर पुन्हा शुद्ध करा, सीडीएनए १० पट पातळ करून पाहा, किंवा अभिक्रियेत बीएसए घाला. पातळ केल्यावर सीटी मूल्य अपेक्षेप्रमाणे सुमारे ३.३ ने वाढण्याऐवजी जागच्या जागी राहिले, तर अडथळा होता हे नक्की.

१५. वेस्टर्न ब्लॉटवर एमआयटीएफचे दोन पट्टे येतात. अँटिबॉडी खराब आहे का?

बहुधा नाही. ५४ ते ६० किलोडाल्टनच्या दरम्यान दोन पट्टे हेच एमआयटीएफ-एमचे नेहमीचे रूप. वरचा एर्कने फॉस्फेट लावलेला. खात्री करायची तर पेशींना मेक रोधक तासभर द्या, वरचा पट्टा खालच्यात मिसळेल. पेशी फोडताना फॉस्फेटेज रोधक विसरलात तरी असेच होते, फक्त तेव्हा ते नकळत होते आणि निष्कर्ष चुकतो. फार जड पट्टा दिसला तर तो एमआयटीएफ-ए सारख्या इतर रूपांचा असू शकतो. बहुतेक अँटिबॉडी समान भाग ओळखतात.

१६. कोणती पेशीमालिका घ्यावी?

प्रश्नावर अवलंबून. ५०१मेल आणि एसके-मेल-२८ मध्ये एमआयटीएफ भरपूर असते. ए३७५ मध्ये कमी. तिन्हींत बीरॅफ व्ही६००ई आहे. एमआयटीएफ दाबण्याचा प्रयोग फक्त ए३७५ मध्ये करून ‘परिणाम नाही’ म्हणणे म्हणजे रिकामी टाकी गळते का ते पाहण्यासारखे. उच्च आणि नीच पातळीची प्रत्येकी किमान एक मालिका घ्या, आणि एसटीआर तपासणीने (डीएनएतल्या पुनरावृत्त तुकड्यांची लांबी जुळवून) ओळख पटवून घ्या. एमडीए-एमबी-४३५ वर्षानुवर्षे स्तनकर्करोगाची म्हणून वापरली गेली. २००० साली तिची जनुक-अभिव्यक्ती मेलॅनोमांच्या घोळक्यात जाऊन बसली तेव्हा शंका आली. पुढे ती एम१४ या मेलॅनोमा मालिकेशी जुळली. नियामक प्रथिनांनी लपवलेली ओळख उघडी पाडली, असे हे प्रकरण आहे.

१७. एमआयटीएफ पॉझिटिव्ह म्हणजे मेलॅनोमाच, असं धरावं का?

नाही. मॅक्रोफेज आणि ऑस्टिओक्लास्टसारख्या मोठ्या पेशींतही ते उमटते. सगळ्यात फसवा प्रकार क्लिअर सेल सार्कोमाचा. त्यात १२ आणि २२ या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन ईडब्ल्यूएसआर१ आणि एटीएफ१ यांचे जोडप्रथिन बनते. एटीएफ१ हे क्रेबचे भावंड. त्यामुळे क्रेबची जागा (प्रश्न ५) हे जोडप्रथिन बळकावते, बाहेरून कोणताही निरोप नसताना एमआयटीएफ चालू राहते, आणि गाठ एस१०० व एचएमबी-४५ ला पॉझिटिव्ह येते. सूक्ष्मदर्शकाखाली मेलॅनोमाच वाटतो. वेगळेपण ठरते ते फिश तपासणीत (गुणसूत्रावरचा ठरावीक तुकडा चमकवून पाहण्याची पद्धत) सापडणाऱ्या ईडब्ल्यूएसआर१ च्या तुटण्यावर. खोलवर, कंडरेला लागून, तरुण वयात आणि वर त्वचेत काहीच नसताना ‘मेलॅनोमा’ निघाला, तर ही तपासणी मागा.

१८. इम्युनोथेरपी चालू आहे. तिच्याशी या प्रथिनांचा संबंध येतो का?

येतो, दोन जागी. प्रतिकारशक्तीतल्या टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा हा निरोप सोडतात, त्याने मेलॅनोमा पेशीत जॅक कायनेज, मग स्टॅट१ आणि आयआरएफ१ जागे होतात. आयआरएफ१ पेशी ओळखू येण्याची यंत्रणा वाढवते आणि त्याच झटक्यात टी पेशींना रोखणारी पीडी-एल१ ही ढालही. जॅक१ किंवा जॅक२ गळाले तर दोन्ही बंद, आणि गाठ उपचाराला दाद देईनाशी होऊ शकते.

दुसरे, मेलॅन-ए, पीएमईएल, टायरोसिनेज हीच टी पेशींची ओळखीची लक्ष्ये. दाह वाढून टीएनएफ-अल्फाने एमआयटीएफ खाली गेले की लक्ष्यच नाहीसे होते. टी पेशी कामावर हजर, पण ज्याला पकडायचे त्याने गणवेश बदललेला.

१९. घरात दोघांना मेलॅनोमा, एकाला किडनीचा कॅन्सर. एमआयटीएफची तपासणी करावी का?

ही जोडी जनुकीय सल्लागाराला जरूर सांगा. २०११ साली एमआयटीएफमध्ये ई३१८के (३१८व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन) हा वारशाने येणारा बदल सापडला. शेजारच्या ३१६व्या जागी सुमो नावाचा छोटा टॅग लागतो. तो एमआयटीएफला आवर घालतो. ई३१८के मुळे तो नीट लागत नाही. त्यामुळे मेलॅनोमा आणि किडनीचा कॅन्सर या दोन्हींचा वाढणारा धोका मध्यम स्वरूपाचा आहे, सीडीकेएन२ए इतका नाही, त्यामुळे पॅनेलमध्ये दोन्ही जनुके हवीत. बदल नाही निघाला म्हणून त्वचेची नियमित तपासणी सोडायची नाही. वारसा अनेकदा अशा बदलांत असतो जे कोणत्याही पॅनेलमध्ये नसतात.

२०. डोळ्यातल्या मेलॅनोमाला हे सगळं लागू आहे का?

फार थोडे. युव्हिअल मेलॅनोमातही सॉक्स१० आणि एमआयटीएफ दिसतात, पण इंजिन दुसरे आहे: जीएनएक्यू किंवा जीएनए११ मधला बदल, बहुधा २०९व्या जागी. त्यातून वायएपी हे प्रथिन केंद्रकात जाते आणि टीडच्या जोडीने वाढीची जनुके सुरू करते. बीरॅफ व्ही६००ई आणि टर्ट प्रोमोटरचे बदल इथे क्वचित, म्हणून बीरॅफच्या गोळ्यांचा उपयोग नाही. पसरण्याचा धोका पाहताना बीएपी१ गळाले आहे का हे तपासतात. तेही डीएनएला चिकटणारे नियामक नाही, प्रथिनांवरचा युबिक्विटिन काढणारे एन्झाइम आहे. त्वचेच्या मेलॅनोमासाठी लिहिलेली माहिती डोळ्याच्या रुग्णाला जशीच्या तशी वाचून दाखवू नये.